सोलापूरचं ऊन, वाड्याची रीत आणि आजचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की आमच्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एक, ज्यांना घर बांधायचंय. दुसरी, ज्यांचं बांधून झालंय आणि पहिला उन्हाळा सोसवत नाहीये. दुसऱ्यांच्या तक्रारी पहिल्यांच्या कानावर वेळेत पडाव्यात म्हणून हे पान. मी वाढलो बाळीवेशीजवळच्या माळवदी, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घरात, आणि गेली वीसेक वर्षं घरं बांधतोय जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या बाजूला. त्यामुळे उत्तरांत दोन्हीकडचं थोडं थोडं येईल.

आजोबांचा वाडा खरंच थंड होता, की आठवणीत सगळंच गार लागतं?

दोन्ही. माजघर थंड होतं. माडीवरची पत्र्याखालची खोली मात्र भट्टीसारखी तापायची, पण तिची आठवण कुणी काढत नाही.

माजघर थंड राहायचं ते वजनामुळे. दोन-अडीच फुटी दगडमातीची भिंत, वर तुळया, तुळयांवर लाकडी चिपांचं किलचं, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन एवढं सगळं पार करून आत येईपर्यंत रात्र होते. आणि सोलापूरची रात्र ही आपली खरी शिल्लक आहे. मेमध्ये दुपारी पारा ४१-४२ ला असतो, पण पहाटे २५-२६ पर्यंत उतरतो. मुंबईला हा पंधरा अंशांचा फरक मिळत नाही. रात्रीची ही गार हवा भिंतीत साठवायची आणि दिवसभर पुरवून वापरायची, एवढाच सगळा हिशोब.

पण तो हिशोब आपोआप जुळत नव्हता. आमची आजी सकाळी साडेनऊच्या आत रस्त्याकडची सगळी दारं-खिडक्या ओढून घ्यायची. आम्ही अंधारात चिडचिड करत पत्ते खेळायचो. दिवेलागणीला तीच सगळं उघडायची, माळवदावर दोन-तीन घागरी पाणी शिंपडायची आणि मातीचा वास आला की आम्ही वळकट्या घेऊन वर पळायचो. वाडा थंड ठेवावा लागायचा, आणि ते काम आजीकडे होतं. आज लोक वाड्याचे खांब, महिरप आणि पितळी कड्या मागतात. आजीची वेळापत्रकं कुणी मागत नाही.

पैसे मोजकेच आहेत. एकाच गोष्टीवर खर्च करायचा तर कुठे?

छपरावर. दुसरा विचार करू नका.

आपण साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भरदुपारी भिंतींना फार ऊन लागतच नाही, सगळा मार गच्ची खाते. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब तो मार तीन-चार तासांत खाली पोचवतो आणि रात्री उशिरापर्यंत पोचवत राहतो. मेमध्ये रात्री दहाला स्टुलावर उभं राहून वरच्या मजल्यावर छताला हात लावून बघा. पंखा तीच गरम हवा तुमच्या अंगावर ढकलत असतो.

घरांसाठी केंद्राची इको निवास संहिता आहे, २०१८ ची. तिच्यात छपराचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छपरातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप, १.२ च्या आत ठेवा असं म्हटलंय. नुसत्या उघड्या स्लॅबचा आकडा त्याच्या अडीच-तीनपट निघतो. तो कमी करण्याचे मार्ग, स्वस्तापासून महागाकडे:

सगळ्यात स्वस्त म्हणजे पांढरा रंग. चुन्यात फेविकॉल मिसळून दोन हात मारा किंवा बाजारात मिळणारा उष्णता परतवणारा रंग लावा. फरक त्याच रात्री कळतो. अडचण धुळीची. आपल्याकडे दोन महिन्यांत गच्ची मातकट होते, त्यामुळे मार्चमध्ये धुऊन घ्यायची आणि दर उन्हाळ्याआधी चुना पुन्हा मारायचा. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा गार छपरांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. तिथलं ऊन आपल्याच जातीचं आहे.

त्यावरचा टिकाऊ उपाय चायना मोझॅक. पांढऱ्या चकचकीत टाइलचे तुकडे ब्रिकबॅट कोब्यावर, म्हणजे गच्चीवरच्या वीट-तुकड्यांच्या थरावर बसवायचे. वॉटरप्रूफिंगसाठी कोबा तुम्ही करणारच असता, वर तुकडे बसवायची मजुरी तेवढी वाढते. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादच्या आपल्या ‘संगत’ या स्टुडिओच्या गोल छपरांवर १९८० च्या सुमारास हेच केलंय, आणि ते ऊनही काही सौम्य नाही. तुकडे मात्र पांढरेच घ्या. गुत्तेदार उरलेल्या रंगीत टाइल स्वस्तात देतो म्हणतो, तेव्हा नाही म्हणायचं.

तिसरा मार्ग म्हणजे कोब्याखाली एक्सपीएस फोमचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या टणक फोमचे दोन इंची तक्ते. हे काम नवीन घरातच नीट होतं. एकदा गच्ची झाली की उकरायला कुणी तयार होत नाही.

आणि चौथा, जो मला मनापासून आवडतो, तो म्हणजे छपरावर छप्पर. पूर्वी अंगणात मांडव घालायचे, तसा आता गच्चीवर सोलर पॅनेलचा घालता येतो. तीन किलोवॉटला साधारण तीनशे चौरस फूट जागा लागते, म्हणजे दोन खोल्यांवर सावली. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. फक्त पॅनेल स्लॅबला चिकटवून बसवू देऊ नका. सात-आठ फूट उंच चौकट करून घ्या, खालून वारा वाहू द्या, कपडे तिथेच वाळतील आणि पापड-कुरडयांना बाजूची उघडी गच्ची आहेच.

मग सरळ माळवदच का करू नये?

करता येतं, पण आहे त्या स्लॅबवर माती टाकून नाही. एक फूट मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास, तीही कोरडी असताना. नेहमीची गच्ची दीडशे-दोनशे किलो जादा वजन धरून काढलेली असते. एका ओळखीच्यांनी हौसेने गच्चीवर माती पसरून बाग केली. बीम वाकलेला बघायला मला बोलावलं, तेव्हा वर दुधी भोपळे मस्त लागले होते.

शिवाय माळवद दरवर्षी माणूस मागतं. मृगाआधी नवी माती टाकायची, चोपायची, उंदरांची बिळं बुजवायची. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणून हे छप्पर इथे टिकलं, कोकणात टिकलं नसतं. पण सप्टेंबरच्या एखाद्या झडीत घरभर पातेली मांडलेली मला चांगली आठवतात.

शेतावरच्या घरात एखादी खोली माळवदी करायची असेल तर जरूर करा. शहरात त्याचा गुण घ्या. फिलर स्लॅब हा त्यातलाच एक मार्ग. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात तो रुजवला. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथे सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौलं भरायची. काँक्रीट वाचतं, कौलांमधली हवा उष्णता अडवते आणि खालून छत देखणं दिसतं. मात्र आधी एकदा केलेला सेंट्रिंगवाला शोधा. तुमच्या घरावर त्याने शिकू नये.

भिंती दगडाच्या घ्याव्यात का?

सगळ्या नकोत. काळा दगड आपल्या भागात आहे, पण घडणारे हात कमी उरलेत आणि दीड फुटी भिंत तीस बाय चाळीसच्या प्लॉटमधली खोलीच खाऊन टाकते. मी एकच भिंत जाड करायला सांगतो, पश्चिमेची. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो आणि सरळ तिच्यावर येतो. उरलेल्या भिंती नऊ इंची ठेवा.

विटांमध्ये फ्लाय अॅशच्या विटा सहज मिळतात. फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा कोळशावरचा वीज प्रकल्प आहे, राखेला तोटा नाही. एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेला सिमेंटचा ब्लॉक, उष्णता चांगली अडवतो, पण वजनाला हलका, त्यामुळे रात्रीचा गारवा फारसा साठवत नाही. दिवसभर एसी चालणारी खोली असेल तर तो उत्तम. खिडक्या उघडून झोपणाऱ्यांना विटेची भिंत बरी. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची रॅट-ट्रॅप पद्धतही आहे, विटा पाव हिश्शाने वाचतात. पण गवंड्याला ओळंबा आणि संयम दोन्ही लागतात.

आणि एक गोष्ट. दर्शनी भिंतीवर अर्ध्या इंची दगडी टाइल चिकटवली म्हणजे दगडाचं घर होत नाही. काळी टाइल पश्चिमेला लावली तर तापते मात्र दगडासारखीच.

वास्तुशास्त्राप्रमाणे मालकाची खोली नैऋत्येला हवी. ती तर सगळ्यात तापते!

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि वाद घालून सुटत नाही. सासूबाईंचा शब्द एकीकडे, मे महिना दुसरीकडे.

आम्ही खोली नैऋत्येलाच ठेवतो आणि तिचं ऊन दुसऱ्या कुणाला तरी खायला लावतो. पश्चिमेच्या पूर्ण भिंतीला कपाटं लावायची, छतापर्यंत. दोन फूट कपडे, गाद्या आणि लग्नातली भांडी यांच्याइतकं चांगलं इन्सुलेशन फुकट मिळत नाही. जागा असेल तर बाहेरून चार फुटांची पडवी. खिडकी दक्षिणेला. दक्षिणेचा सूर्य आपल्याकडे हिवाळ्यात येतो, आणि मेमध्ये वर चढलेला असल्याने दोन फुटी छज्जा त्याला पुरतो. पश्चिमेला तोच छज्जा काही कामाचा नाही, कारण ऊन त्याच्या खालून आत शिरतं. तिथे उभे आडोसे हवेत: विटांची जाळी, बांबूची चिक किंवा कडुनिंब. कडुनिंबाला पाच-सहा वर्षं द्यावी लागतात, म्हणून घराच्या पायाआधी खड्डा झाडाचा घ्या.

जिना, बाथरूम, कोठीची खोलीही पश्चिमेला ढकलता येते. तिथे कुणी दुपारभर बसत नाही. अडचण एवढीच की पावसाळ्यातला वारा पश्चिम-नैऋत्येकडूनच येतो, त्यामुळे ती बाजू साफ बंदही करायची नसते. जाळी ऊन अडवते आणि वारा सोडते. जुन्या लोकांनी ती नक्षीसाठी ठेवली नव्हती.

छोट्या प्लॉटमध्ये चौक बसतो का?

बसतो, पण आधी माझी चूक ऐका. जुळे सोलापूरमधल्या एका घरात मी हौसेने आठ बाय आठचा चौक काढला. फोटो सुंदर आले. पावसाची भीती म्हणून वरून पारदर्शक पॉलीकार्बोनेटचा पत्रा घट्ट बसवला. पहिल्या एप्रिलमध्ये त्या घरातल्या काकू म्हणाल्या, “तुळस वाळली हो, आणि आम्हीपण वाळतोय.” ऊन आत येत होतं, गरम हवेला बाहेर जायला वाट नव्हती. मी घराच्या मधोमध काचेची पेटी बांधली होती. शेवटी तो पत्रा दीड फूट उचलला, चारी बाजूंनी पक्ष्यांची जाळी लावली आणि वर हिरवं शेडनेट ओढलं. आता बरं आहे. तुळस नवीन.

वाड्यातला चौक उघडा असायचा, पण त्याच्या चारी बाजूंना ओसरी असायची. ऊन चौकात पडायचं आणि माणसं सावलीत बसायची. ओसरी काढून नुसता चौक घेतला तर निम्मीच गोष्ट घेतली. तीस बाय चाळीसमध्ये सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, सोडल्यावर चारी बाजूंची ओसरी बसत नाही. तेव्हा मी चौकाचा हट्ट सोडायला सांगतो आणि लोकांना सान्याची आठवण करून देतो.

सानं म्हणजे माळवदाला ठेवलेलं भोक. उजेड खाली यायचा, धूर आणि गरम हवा वर जायची, पाऊस आला की पोरं वर धावून त्यावर दगडी फरशी सरकवायची. आजच्या घरात हेच काम जिना करू शकतो. गच्चीवर जिन्याची जी खोली निघते ती घरातली सगळ्यात उंच जागा. गरम हवा आपोआप तिथे गोळा होते आणि आपण तिला लोखंडी दार लावून कोंडून ठेवतो. त्या खोलीच्या उत्तर आणि पूर्व भिंतीत, छताला लागून, लोखंडी झडपांच्या खिडक्या ठेवा. जिना बंद खोलीत न टाकता हॉलला उघडा ठेवा. संध्याकाळी खालच्या खिडक्या उघडल्या की हवा वर ओढली जाते. जिन्यात उदबत्ती धरून बघा, धूर कुठे जातो ते दिसतं. चौकाच्या खर्चाच्या मानाने हे जवळजवळ फुकट आहे.

खिडक्या सरकत्या घ्याव्यात की पाखांच्या?

पाखांच्या, म्हणजे दारासारख्या उघडणाऱ्या. सरकती खिडकी कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाही, म्हणजे चार फुटांचे पैसे देऊन दोन फूट वारा घेता. लाकूड परवडत नसेल तर यूपीव्हीसीतही, म्हणजे कडक प्लास्टिकमध्येही पाखं मिळतात. आतून मच्छरजाळी हवीच, नाहीतर रात्री कुणी उघडत नाही.

कूलर की एसी?

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर झकास चालतो. जूनमध्ये ढग आले की तोच कूलर अंग चिकट करतो. कूलरसमोरची खिडकी थोडी उघडी हवी. लोक खोली बंद करून कूलर लावतात आणि मग दमट होतंय म्हणतात.

खरा प्रश्न पाण्याचा. मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर सहज पितो, आणि आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड. म्हणून आम्ही प्रत्येक घरात जमिनीखालचा हौद मोठा करायला सांगतो आणि गच्चीचं पावसाचं पाणी फिल्टर करून बोअरमध्ये सोडतो. एक एसी झोपायच्या खोलीत असू द्या, त्यात कमीपणा नाही. छप्पर गार असेल तर दीड टनाचं काम एक टनात भागतं.

खिडकीत ओली चादर टांगणं हा जुना सोलापुरी उपायही चालतो. त्यासाठी चादर पातळ नव्हे, जाड घ्यायची. ती इथे कुठे मिळते ते सांगायला नको.

काळ्या मातीवर जड भिंती उचलल्या तर तडे जाणार नाहीत का?

जातील, पाया काळ्या मातीत ठेवला तर. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्याबरोबर जोतंही हलतं. मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फारच खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब घ्या. ते याच मातीसाठी चालतात. जोत्याखाली काळी माती काढून मुरूम भरा आणि घराभोवती तीन फुटी फरसबंदी करा, म्हणजे पाणी पायापाशी मुरणार नाही. यात काटकसर करून वर सागवानी झोपाळा टांगणारे लोक मी पाहिलेत.

फरशी कोणती?

तळमजल्याला शहाबादी, पॉलिश करून. शहाबाद इथून रेल्वेने काही तासांवर, दगड आपल्या ओळखीचा, पायाला गार आणि पोरं घसरत नाहीत. डाग पडतात, पडू द्या. वरच्या मजल्यावर काय हवं ते घाला.

अंगणात मात्र गेटपासून दारापर्यंत सगळीकडे पेव्हर ब्लॉक नकोत. गाडीच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या, बाकी माती, एखादं लिंबाचं झाड. रात्री बाहेरच्या कट्ट्यावर बसवेल इतपत जमीन निवते.

जुना वाडा पाडतोय. त्यातलं काय वापरता येईल?

खूप काही. भंगारवाला वजनावर भाव करतो तेव्हा थांबा. जोत्याचे घडीव दगड पश्चिमेच्या भिंतीला किंवा कुंपणाला लागतात. सागवानी खांब आणि तुळयांना वाळवी लागलीय का ते ठोकून तपासा: ठोकल्यावर आवाज भरीव आला तर ठेवायचं, पोकळ आला तर सोडायचं. खांबांवर नव्या घराचं वजन टाकू नका. ते पडवीच्या पत्र्याला किंवा कौलांना द्या. दाराची चौकट बहुतेक वेळा आखूड असते, जुनी दारं वाकून जायची होती. ती देवघराला बसवतात. भिंतीतली पांढरी माती कुंपणाच्या भिंतीसाठी पुन्हा मळता येते, फुकट असते, आणि ती टाकून द्यायलाच लोक ट्रॅक्टरचे पैसे देतात.

आम्ही दोघंही नोकरीला. दारं उघडायला-मिटायला आजी नाही. मग?

तळमजल्याच्या खिडक्यांना गज आणि जाळी पक्की करा, म्हणजे रात्री उघड्या ठेवायची भीती राहत नाही. जिन्याच्या वरच्या खोलीत एक मोठा एक्झॉस्ट पंखा बसवा आणि त्याला साधा टायमर लावा, संध्याकाळी आठ ते पहाटे सहा. सकाळी कामावर निघताना खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे. दिवसभर बंद राहिलेलं घर संध्याकाळी कोंदट वाटतं, पण तापलेलं नसतं.

होटगी रोडच्या एका घरात हे खातं सातवीतल्या मुलाकडे आहे. त्याने फ्रिजवर एक आणि अंगणातल्या खांबावर सावलीत एक असे दोन थर्मामीटर लावलेत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की खिडक्या उघडायच्या, वर गेला की लावायच्या. कॅलेंडरवर तो वेळ लिहितो. मागच्या मे महिन्याच्या पानावर बहुतेक रकान्यांत रात्रीचे साडेआठ आहेत, आणि एका रविवारी नुसतं लिहिलंय, “विसरलो.”